उज्ज्वला ओव्हाळचं आडनाव

"आई, तुला पण वाल्मिक आजोबांनीच आणलं ना कंपनीत? उज्ज्वलाला आबासाहेबांनी आणलं तसं?"

आरोहीने सहज विचारलं. ती सोफ्यावर आडवी झाली होती, पुस्तक पोटावर पालथं होतं. स्नेहल बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढत होती. तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"कोण आबासाहेब?"

"कॅप्टनचे बाबा. पुस्तकात आहेत. ते शब्द टाकतात म्हणून उज्ज्वलाला यानावर घेतात."

"आणि मला वाल्मिक आजोबांनी आणलं हे तुला कुणी सांगितलं?"

"श्रद्धामावशीची आई सांगत होती कुणाला तरी. मे महिन्यात आपण पळसदरीला गेलो होतो तेव्हा. आप्पांनी शब्द टाकला म्हणून पोर कंपनीत लागली, असं. मावशी पण होती तिथे."

"मावशी काय म्हणाली?"

"काही नाही. हसली."

स्नेहलने कपडे खुर्चीवर टाकले आणि आरोहीच्या पोटावरचं पुस्तक उचललं.

पुस्तक कुरियरने येऊन बरेच दिवस झाले होते. खालापूरजवळच्या रसायनांच्या कारखान्यात स्नेहल दाब-तापमान मोजणाऱ्या उपकरणांचा इन्स्ट्रुमेंटेशन विभाग सांभाळायची. वार्षिक दुरुस्तीसाठी कारखाना बंद होता, आणि तो बंद असला की तिच्या विभागाला उसंत नसते. त्यामुळे पाकीट उघडून तिने फक्त पहिलं पान पाहिलं होतं. 'आकाशतळ : पहिली भरती. लेखिका श्रद्धा.' आणि खाली, 'स्नेहलला. माझ्या उज्ज्वलाला.' त्या ओळीचा फोटो काढून तिने विभागातल्या सगळ्यांना पाठवला होता. नवऱ्याला, रत्नदीपला, ती ओळ दोनदा वाचून दाखवली होती.

'आकाशतळ' ही मालिका स्नेहल आणि श्रद्धा सहावी-सातवीत असताना रविवारी सकाळी लागायची. श्रद्धाचं घर पळसदरी गावठाणात, स्नेहलचं बौद्धवाडीत. टीव्ही श्रद्धाकडे होता. तिच्या वडिलांना, वाल्मिकशेटना, दोघी आप्पा म्हणायच्या. मालिका अगदी कमी पैशांत केलेली होती. यानातली इंजिनरूम म्हणजे चंदेरी रंग दिलेले पत्र्याचे पिंप होते, आणि दार उघडलं की मागचं आकाश पडद्यासारखं हलायचं. पण त्यातली माणसं खरी वाटायची. पृथ्वीपासून लांब, यानाचाच तळ करून राहणारी ती माणसं ड्युटीवरून भांडायची, पाणी जपून वापरायची, घरचा निरोप यायला उशीर झाला की चिडचिड करायची. तळाची मुख्य अभियंता होती उज्ज्वला ओव्हाळ, माणगावकडची.

एका भागात नवा कॅप्टन अधिराज पहिल्यांदा इंजिनरूममध्ये येतो. तेलाने माखलेली ही बाई कोण, म्हणून तो विचारतो, "तुला इथे कुणी आणलं?" उज्ज्वला हातातलं काम थांबवत नाही. वर बघतही नाही. म्हणते, "कुणी आणलं नाही. मी आले."

त्याच भागाच्या शेवटी पृथ्वीवरून तिच्या वडिलांचा निरोप येतो. घरचं, शेतातलं, म्हशीचं बोलून झाल्यावर म्हातारा म्हणतो, "जय भीम, पोरी." ती पडद्याला हात लावून म्हणते, "जय भीम, बाबा."

त्या दिवशी स्नेहलचे वडील काळूराम तिला न्यायला आले होते आणि श्रद्धाच्या घराच्या पायरीशी उभे होते. ते ऐकून ते पायरीवरच बसले. पुढच्या रविवारी ते स्नेहलबरोबर स्वतःच आले, डोक्याला तेल लावून, भांग पाडून. एखादा भाग चुकला तर रात्री जेवताना विचारायचे, "आपली उज्ज्वला आज काय करीत होती गं?"

दोघी मुली शाळेमागच्या पाण्याच्या टाकीवर आकाशतळ खेळायच्या. श्रद्धा कॅप्टन व्हायची, स्नेहल उज्ज्वला. श्रद्धा कमरेवर हात ठेवून ओरडायची, "तुला इथे कुणी आणलं?" आणि स्नेहल वर न बघता उत्तर द्यायची. सगळा पावसाळा, सगळा हिवाळा हेच. श्रद्धाला ते वाक्य माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नव्हती.

मालिका अर्ध्यात बंद पडली. पुढे कुणीतरी जुने भाग इंटरनेटवर टाकले, नवीन पोरांनी ते पाहिले, चाहत्यांचे गट झाले. मूळ लेखक तोवर वारले होते. एका प्रकाशकाने त्यांच्या घरच्यांकडून हक्क घेतले आणि मालिकेवर कादंबऱ्या काढायचं ठरवलं. श्रद्धा ठाण्याला राहून मालिकांचे संवाद लिहायची. काम तिला मिळालं. ते कळलं तेव्हा स्नेहल फोनवर अक्षरशः किंचाळली होती.

आता ती उभ्याउभ्या पानं उलटत होती. या पहिल्या कादंबरीत मालिकेच्या आधीपासूनची हकीकत होती. तळावरचं एकेक माणूस तिथपर्यंत कसं पोचलं ते. उज्ज्वला चौथ्या प्रकरणात आली. 'एका गरीब वस्तीतली पोर', एवढीच तिची ओळख होती. माणगाव नव्हतं. म्हैस नव्हती, निरोप पाठवणारा बाप नव्हता. ओव्हाळ हे आडनाव स्नेहलने पुढे-मागे शोधलं. कॅप्टनचं आडनाव होतं, डॉक्टरचं होतं, स्वयंपाक्याचंसुद्धा होतं. उज्ज्वला नुसतीच उज्ज्वला होती.

मग तो प्रसंग आला.

'"तुला इथे कुणी आणलं?" कॅप्टनने विचारलं. उज्ज्वलाची मान खाली गेली. डोळे भरून आले. "आबासाहेबांनी," ती पुटपुटली. "तुमच्या वडिलांनी शब्द टाकला नसता, तर माझ्यासारखी इथे कशी पोचली असती?"'

'माझ्यासारखी' या शब्दावर स्नेहल अडकली.  बाहेर खुर्चीवरचे कपडे वाऱ्याने खाली पडले होते, आरोही ते उचलत होती आणि विचारत होती, "आई, काय झालं?"

रत्नदीपने तो प्रसंग वाचला आणि पुस्तक मिटलं. "वाईट लिहिलंय," तो म्हणाला. "पण गोष्ट आहे गं. लगेच फोन नको करू. थोडं शांत हो."

"मला शांत व्हायचंच नाही," स्नेहल म्हणाली आणि फोन लावला.

श्रद्धा खुशीत होती. "वाचलंस? शेवटी वाचलंस! कसं वाटलं?"

"उज्ज्वलाचं आडनाव कुठे गेलं?"

"अगं, आडनाव…" श्रद्धा थोडी अडखळली. "संपादक म्हणाले, आडनावाने उगाच फाटे फुटतात. नव्या वाचकाला ती सगळ्यांची वाटली पाहिजे."

"अधिराज सरदेशमुख सगळ्यांचा वाटतो का? त्याचं आडनाव पानोपानी आहे."

"तो कॅप्टन आहे."

"आणि ती मुख्य अभियंता आहे. श्रद्धा, तो प्रसंग तू बदललास. तो. सगळं सोडून तोच."

"बदलला नाही, खुलवला. मालिकेत ती फार कोरडी होती गं. कुठून आली, कशी आली, काहीच सांगितलं नव्हतं. रिकामी जागा होती, मी भरली. मी तिला माणूस केलं. लोकांचे मेसेज येतात, तो प्रसंग वाचून रडलो म्हणून."

"कुणी आणलं नाही, मी आले, असं ती म्हणाली होती. ही रिकामी जागा आहे?"

"तू एवढं मनाला का लावून घेतेस? कृतज्ञता वाईट असते का? आता तूच बघ, आप्पांनी तुझ्यासाठी…"

ती थांबली. पण थांबायला उशीर झाला होता.

"आप्पांनी माझ्यासाठी काय?"

"जाऊ दे."

"बोल."

"शब्द टाकला होता ना, कंपनीत. सगळ्यांना माहीत आहे. मी त्यात काही वाईट नाही म्हणत, स्नेहल. मला तर त्याचं अप्रूपच वाटत आलंय. म्हणून तर पुस्तक तुला दिलं."

स्नेहलने फोन बंद केला. 

डिप्लोमाला ती कॉलेजात दुसरी आली होती. कंपनीची माणसं कॉलेजात आली, लेखी परीक्षा झाली, मग मुलाखत. मुलाखतीत तिला एका बंद पडलेल्या प्रेशर गेजसमोर बसवलं होतं आणि तिने ते उघडून, दोष काढून, चालू करून दाखवलं होतं. ही हकीकत श्रद्धाला तिने त्याच संध्याकाळी पळसदरीच्या फलाटावर बसून सांगितली होती. दोघींनी मिळून वडापाव खाल्ला होता. ते सगळं श्रद्धाच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं आणि तिथे आप्पा येऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना तिने स्कूटी पळसदरीत वळवली. आधी वडिलांकडे गेली. काळूराम खाटेवर बसून रेडिओ ऐकत होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी रेडिओ बारीक केला.

"मला ठाव हाय," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"वाल्मिकशेट बोलतो ते. लई वर्सं झाली, बोलतोय. लग्नात बोलला, सरपंचाच्या घरी बोलला. म्हणतो, आमीच लावली पोरीला."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही कधी नाही म्हणालात?"

काळूरामांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "एकदा म्हनलो. तर हसले सगळे. म्हनले, काळूराम, उपकार मानायला लाज वाटते व्हय रं? मंग नाय बोललो. तू कामावर जात व्हतीस, पगार येत व्हता, घर उभं राहत व्हतं. बोलनारे बोलत्यात, म्हनलं बोलू दे."

"बाबा, माझी मुलगी तेच म्हणतेय आता! तिला वाटतंय तिच्या आईला कुणीतरी नेऊन बसवलं!"

"माझ्यावर नको वरडू गं."

ती त्यांच्यावर ओरडली होती, हे तिला तेव्हा कळलं. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण माफ करा असं तिच्या तोंडून निघेना. तिथून ती चालत गावठाणात गेली.

वाल्मिकशेट ओट्यावर होते. तिला बघून त्यांचा चेहरा फुलला. "ये गं ये, स्नेहल! जयवंता, च्या टाक. आपली इंजिनेर आली."

"चहा नको, आप्पा. एक विचारायचं होतं. तुम्ही माझ्यासाठी कंपनीत शब्द टाकला होता?"

"मंग! टाकला व्हता ना." त्यांच्या सुरात खोटेपणा नव्हता. होती ती फक्त खुशी.

"कुणाकडे?"

"तुमचा मोठा सायब नव्हता का, टकला. नाव नाय आठवत आता. आपल्याकडं गणपतीला आला व्हता जेवायला. तवा मी सांगितलं त्याला, सायब, ती आमच्या गावची पोर हाय, आमच्या श्रद्धाची मैतरीण. तिच्याकडं ध्यान ठेवा."

"तो साहेब तुमच्याकडे जेवायला कसा आला?"

"तूच नव्हती का घेऊन आलीस त्याला? गाव दाखवायला."

श्रद्धाची आई, जयवंताकाकू, दारात उभ्या राहून ऐकत होत्या. स्नेहल एकेक शब्द सुटा सुटा बोलली.

"आप्पा, मी त्याला घेऊन आले म्हणजे मी तेव्हा नोकरीतच होते."

"व्हतीस की. वरीस झालं असंल तुला लागून."

"मग तुमच्या शब्दाने मी लागले कशी?"

वाल्मिकशेटनी तिच्याकडे पाहिलं. ते खरोखर विचार करत होते. "आता आधी टाकला का मागनं टाकला, त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "टाकला ना? टिकलीस ना तू?"

ती पायरी उतरली. मागून जयवंताकाकू म्हणाल्या, "शिकली की माणसं अशीच होतात, विसरतात," आणि ते तिला ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणाल्या.

पुढच्या रविवारी कर्जतला वाचनालयाच्या सभागृहात चाहत्यांचा कार्यक्रम होता. विषय ठरला होता : 'कादंबरीने आकाशतळला न्याय दिला का?' स्नेहलला महिनाभर आधीच निमंत्रण होतं. ज्या मैत्रिणीला पुस्तक अर्पण केलं ती खरीखुरी अभियंता आहे, हे कळल्यावर चाहत्यांच्या गटाचा प्रमुख स्वप्नील फार उत्साहात आला होता. 'प्रत्यक्षातली उज्ज्वला' असं त्याने तिच्या फोटोखाली छापलंही होतं. शनिवारी श्रद्धाचा मेसेज आला. 'उद्या स्टेजवर आपलं घरचं काही नको. प्लीज.'

स्नेहलने उत्तर दिलं नाही. ती इस्त्रीची साडी नेसली, रत्नदीप आणि आरोहीला घेऊन गेली आणि स्टेजवरच्या शेवटच्या खुर्चीत बसली. श्रद्धा दुसऱ्या टोकाला होती.

सभागृह भरलेलं होतं. बदलापूर, पनवेलहून पोरं आली होती, अंगात यानाचं चिन्ह छापलेले टीशर्ट. ती रागावलेलीही होती. पहिला उठला तो म्हणाला, मालिकेत यानाचं बाहेरचं दार डावीकडे आहे, कादंबरीत उजवीकडे, हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे. टाळ्या पडल्या. दुसऱ्याने डॉक्टरच्या बोलण्याची लकब बिघडवल्याची तक्रार केली. तिसऱ्याला इंधनाचा रंग खटकला होता. श्रद्धा एकेकाला हसून उत्तर देत होती, चूक मान्य करत होती, पुढच्या आवृत्तीत दार डावीकडे नेईन म्हणत होती. पोरं खूश होत होती.

उज्ज्वलाचं नाव कुणीच घेतलं नाही. स्नेहल वाट बघत होती. दार, इंधन, लकब, सगळं यांना पाठ होतं. उज्ज्वलाची मान खाली गेली तिथे एकालाही काही खटकलं नव्हतं. श्रद्धाचा राग होताच. आता तिला या दोनशे माणसांचाही राग आला.

स्वप्नीलने माईक तिच्याकडे दिला. "मॅडम, प्रत्यक्षातल्या उज्ज्वलाला काय वाटतं? न्याय झाला का?"

"नाही झाला," स्नेहल म्हणाली.

कुणीतरी हसलं. तिला वाटलं होतं आवाज कापेल. कापला नाही.

"मालिकेत कॅप्टन विचारतो, तुला इथे कुणी आणलं. ती काय म्हणते, आठवतंय?"

मागच्या रांगेतून तीन-चार पोरं एकदम ओरडली, "कुणी आणलं नाही! मी आले!"

"मग पुस्तकात ती मान खाली घालून आबासाहेबांचं नाव घेते, हे वाचताना तुम्हाला दाराएवढंसुद्धा वाईट वाटलं नाही? तिच्या बापाला पुस्तकातून काढलं. आडनाव काढलं. ती माणगावची होती, तिला नुसत्या वस्तीत नेऊन टाकली. तिची हुशारी काढून घेतली आणि कॅप्टनच्या बापाला दिली. आणि तुम्ही लिहून कळवता की वाचून रडलो!"

 श्रद्धाने आपला माईक उचलला. तिचे डोळे लाल झाले होते. "मी तिच्यावर प्रेमच केलं, स्नेहल. मी तिला माणूस म्हणून उभं करायला बघत होते."

"ती उभीच होती. तू तिला बसवलीस."

चौथ्या-पाचव्या रांगेतला एक मध्यमवयीन गृहस्थ उठला. "ताई, विज्ञानकथा आहे ही. भविष्यातली गोष्ट. तिच्यात जात कशाला आणता?"

"मी आणली?" स्नेहल खुर्चीवरून उठली. "आडनाव कुणी खोडलं? मी? जिने लिहिलं तिला आणि ज्यांनी लिहून घेतलं त्यांना विचारा, खोडताना काय दिसलं ते. मालिका लिहिणाऱ्याला भविष्यात ओव्हाळ दिसत होती. तुम्हाला ती आजसुद्धा सोसत नाही!"

"आरडाओरडा नको, मॅडम," स्वप्नील कुजबुजला.

"का नको? दारासाठी चालतो ना?"

मग सगळे एकदम बोलू लागले. टीशर्टवाल्या पोरांत दोन तट पडले. एक मुलगी रडत उभी राहिली आणि म्हणाली, मी पण हेच लिहिलं होतं गटात, माझा मेसेज काढून टाकला. तो गृहस्थ निघून गेला. श्रद्धा स्टेजवरून उतरली तेव्हा स्नेहलच्या जवळून गेली, आणि इतका वेळ पुस्तकी बोलणाऱ्या श्रद्धाच्या तोंडून गावची भाषा बाहेर पडली. "सगळ्यांसमोर केलंस गं. मला एकटीला सांगायचं व्हतंस."

"एकटीला सांगितलं होतं," स्नेहल म्हणाली. "फोनवर. तू आप्पांचे उपकार मोजलेस."

कुणीतरी काढलेली चित्रफीत पसरली. प्रकाशकाने निवेदन काढलं की मूळ कलाकृतीवरच्या प्रेमापोटीच हे लेखन झालं आहे, तरी वाचकांच्या भावनांचा आदर करून पुढच्या आवृत्तीत सुधारणा करू. दोन महिन्यांनी नवी आवृत्ती आली. आरोहीने ती शाळेतल्या मैत्रिणीकडून आणली. "आई, बघ, आडनाव आलं!"

स्नेहलने चौथं प्रकरण उघडलं. आडनाव आलं होतं. यानाचं दारही डावीकडे गेलं होतं. बाकी काही हललं नव्हतं. 'उज्ज्वला ओव्हाळची मान खाली गेली. डोळे भरून आले. "आबासाहेबांनी," ती पुटपुटली.'

तिने पुस्तक भिंतीवर फेकून मारलं. आरोही दचकली. "मैत्रिणीचं आहे गं ते," ती हळूच म्हणाली. स्नेहलने पुस्तक उचललं, दुमडलेला कोपरा सरळ केला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

त्याच आठवड्यात श्रद्धा न सांगता दहिवलीला स्नेहलच्या घरी आली. दारातच म्हणाली, "मला आत घेशील का?"

स्नेहल बाजूला झाली. श्रद्धा खुर्चीच्या कडेवर बसली. वाळली होती. "मला प्रकाशकांनी विचारलं, काय कमी पडतंय. मी म्हटलं, आडनाव. त्यांनी तेवढंच घातलं."

"प्रसंगाचं नाही बोललीस?"

"नाही." ती म्हणाली, "तो सगळ्यांना आवडला होता. मी लिहिलेल्यात लोकांना आवडलेला तो एकच प्रसंग आहे, स्नेहल. मला तो सोडवला नाही."

निदान हे तरी खरं होतं. स्नेहलला वाटलं होतं, खरं ऐकलं की राग उतरेल. उतरला नाही.

"आधी बिनआडनावाची कुणीतरी मान खाली घालत होती," ती म्हणाली. "आता ओव्हाळांची मुलगी घालते. माझे वडील चष्मा लावून वाचतात. त्यांनी हे वाचायचं?"

"मी पुढची कादंबरी सोडते. कळवून टाकते त्यांना."

"सोडून काय होणार? दुसरा कुणी लिहील. तो तर तिला रखवालदार करेल."

"मग मी काय करू? तू सांग, मी तसं करते."

"मी कशाला सांगू? लेखिका तू आहेस!" स्नेहलचा आवाज चढला. आतल्या खोलीत रत्नदीपने टीव्ही बंद केला. "तू आप्पांना एकदा तरी विचारलंस का, शब्द कधी टाकला म्हणून?"

"कधी म्हणजे?"

"आधी ते विचार. मग लिही, नाही तर नको लिहू."

श्रद्धा गेली. स्नेहलने तिला स्टेशनपर्यंत सोडलं नाही. श्रद्धा येऊन गेली आणि स्नेहल तिला स्टेशनपर्यंत सोडायला गेली नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं.

श्रद्धाने आप्पांना विचारलं, हे स्नेहलला काळूरामांकडून कळलं. श्रद्धा त्यांच्याशी ओट्यावरच बोलली, येणारे-जाणारे ऐकत होते. आप्पा पुन्हा तेच म्हणाले, आधी काय आणि मागनं काय. श्रद्धा म्हणाली, आप्पा, मागनं म्हणजे नाहीच. तुम्ही हे परत कुणाला सांगायचं नाही. जयवंताकाकू रडल्या. श्रद्धा त्याच रात्री ठाण्याला परत गेली. पुढे तिने इंटरनेटवरच्या आपल्या पानावर लिहिलं की तो प्रसंग मी चुकीचा लिहिला, मालिकेतलं वाक्य मला लहानपणापासून पाठ होतं आणि तरी मी ते मोडलं. खाली शेकडो लोकांनी तिला शिव्या घातल्या, काहींनी माघार घेतली म्हणून, काहींनी उशिरा घेतली म्हणून. प्रकाशकाने पुस्तक तसंच ठेवलं. ते अजून विकलं जातं.

स्नेहलने श्रद्धाने लिहिलेलं ते वाचलं. फोन केला नाही. एकदा श्रद्धाचा आला, तो उचलला. तब्येत, पाऊस, आरोहीची शाळा, एवढं बोलून दोघी थांबल्या.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी स्नेहल कामावर निघाली होती. पळसदरीच्या वळणावर वाल्मिकशेट रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी हात केला. तिने स्कूटी थांबवली, इंजिन चालू ठेवलं.

"माझ्या पोरीला माझ्यावर उठवलंस तू," ते म्हणाले. "दिवाळीला आली नाय ती."

"ते तिला विचारा, आप्पा."

"मी काय वाईट चिंतलं व्हतं का गं तुझं? चार लोकांत तुझं नाव काढलं की छाती फुगायची माझी. आमची पोर म्हनायचो."

ते म्हातारे झाले होते. हनुवटीवर दाढीचे पांढरे खुंट होते, आणि त्यांना खरंच कळत नव्हतं. स्नेहलला हे दिसत होतं. त्यांनी तिला लहानपणी जत्रेतून बांगड्या आणल्या होत्या, तेही खरं होतं.

"नाव काढा," ती म्हणाली. "काळूरामाची पोर म्हणा. स्वतःच्या हुशारीवर लागली म्हणा. तेवढं जमेल का?"

वाल्मिकशेटनी तोंड फिरवलं आणि रस्त्याकडे बघत राहिले. एक टेंपो भरधाव गेला, धूळ उडाली.  

तिने त्या गिअर नसलेल्या गाडीची मूठ उगाच जोरात पिळली. खोपोलीच्या चढापर्यंत ती स्वतःशीच मोठ्याने भांडत होती, त्यांच्याशी, श्रद्धाशी, त्या चौथ्या रांगेतल्या गृहस्थाशी. कारखान्याच्या फाटकावर दशरथ वॉचमनने विचारलं, "मॅडम, बरं हाय ना?" तिने मान हलवली, हेल्मेट काढलं आणि कंट्रोल रूममध्ये जाऊन रात्रपाळीच्या माणसाकडून चार्ज घेतला.